अप्पांच्या हृदयाची पुढची भिंत

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात अप्पा हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आमच्या घराच्या जिन्यात थांबले. जिना एकोणीस पायऱ्यांचा. आठव्या-नवव्या पायरीवर त्यांनी भिंतीला हात लावला आणि चपलेचा अंगठा नीट करत असल्यासारखे वाकले. मी वरच्या दारात उभी होते. त्यांना वाटलं, मी पाहिलं नाही. माझ्या वडिलांनी जामबागेतल्या मराठी शाळेत सगळी नोकरी गणित शिकवण्यात काढली, तीही दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गांत, आणि जिन्यात कधी चपलेची सबब सांगितली नव्हती.

छातीत दुखलं नव्हतं. साखर जुनी असलेल्या माणसाला हार्ट अटॅक कधीकधी न दुखता येऊन जातो, हे आम्हाला सरकारी दवाखान्यात कळलं. तिथे ईसीजी झाला, इको झाला, चार दिवसांनी अँजिओग्राफी झाली. तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. एक अटॅक केव्हातरी येऊन गेलेला. रक्त ढकलण्याची ताकद निरोगी माणसाच्या निम्म्याहून खाली.

बायपास करणारे डॉक्टर तरुण होते, तेलुगू घरातले. आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलायचे. त्यांनी केसपेपरच्या मागे पेनाने एक वाटी काढली आणि तिच्या एका बाजूवर रेघोट्या मारल्या. अप्पांच्या हृदयाची ही पुढची भिंत, म्हणाले, हलत नाही. पण न हलणारी भिंत दोन प्रकारची असते. एक मेलेली. तिथे स्नायू संपून जखमेचा वण धरलेला असतो. दुसरी जिवंत. तिला रक्त इतकं कमी मिळतं, की जगण्यापुरतं ठेवून ती काम सोडून देते. इकोवर दोन्ही सारख्याच दिसतात.

"दुसरी असली तर बायपास करून रक्त पोचवता येतं. बरेचदा ती पुन्हा हलायला लागते," ते म्हणाले. "पहिली असली तर छाती उघडून उपयोग नाही. आणि इतक्या कमजोर हृदयाची छाती उघडली, तर हे टेबलावरून उठतील याची खात्री मी देणार नाही."

"म्हणजे आधी ओळखायचं," अप्पा म्हणाले.

"हृदयाचा एमआरआय करा, सर. लवकर करा. मग मी सांगतो."

आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. छोट्या पॅडवरचा कागद होता. वरच्या कोपऱ्यात एका खासगी तपासणी केंद्राचा निळा शिक्का.

अप्पांनी शिक्का पाहिला. मीही पाहिला. आईने फक्त पत्ता वाचला आणि म्हणाली, जवळच आहे की, ऑटोने वीस मिनिटं.

आमच्या घरात शिक्क्याचं काय होतं, ते सांगायला हवं. अप्पा पत्रकं काढायचे. शाळेची फी वाढली, पत्रक. बस बंद झाली, पत्रक. कोठीच्या एका गल्लीतल्या छापखान्यात एका बाजूला छापलेला गुलाबी किंवा पिवळा स्वस्त कागद, वर मराठी, खाली तेलुगू आणि उर्दू. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. विद्यानगरच्या माझ्या मावसभावंडांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मला मात्र 'त्वरित' आणि 'जाहीर निषेध' हे शब्द पाटीपेन्सिलीच्या वयात येत होते. आई म्हणते, ही पोर शुभं करोतिच्या आधी निषेध म्हणायला शिकली. ती हे कौतुकाने सांगत नाही.

मी नववीत असताना अप्पांनी याच सरकारी दवाखान्याबद्दल एक पत्रक काढलं होतं. साध्या रक्ताच्या तपासण्यासुद्धा तिथे दुपारनंतर बंद असायच्या आणि डॉक्टर बाहेरच्या लॅबचा शिक्का असलेल्या चिठ्ठ्या हातात द्यायचे. लोक बाहेर जायचे, लॅबवाला डॉक्टरला त्याचा वाटा पोचवायचा. पत्रकातलं मोठ्या अक्षरातलं वाक्य मला पाठ होतं: शिक्क्याची चिठ्ठी घेऊन बाहेर जाऊ नका, तिथेच उभे राहा, तपासणी इथेच मागा. आम्ही दोघांनी ते गेटवर वाटलं. लोक खरंच उभे राहिले. वर्षाच्या आत दवाखान्याची लॅब रात्रीपर्यंत चालू झाली. अप्पांच्या शंभरेक पत्रकांतलं हे एकच असं, ज्याच्यामुळे काहीतरी बदललेलं डोळ्यांनी दिसलं. इतर सगळ्यांवर लोकांनी भजी खाल्ली, असं ते स्वतःच म्हणायचे.

त्या संध्याकाळी घरी जेवताना आईने विषय काढला.

"उद्या सकाळीच जाऊन येऊ. मी डबा करते, उपाशी जावं लागत असेल तर नंतर खाता येईल."

"जाऊन येऊ," अप्पा म्हणाले.

मी मान वर केली. "अप्पा, शिक्का बघितलात ना?"

"बघितला."

"मग?"

"मग काय? माझ्या हृदयाला शिक्के वाचता येत नाहीत."

आई हसली. मी हसले नाही. मी उठले, आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून पत्रकांची फाइल काढली, ते पिवळं पत्रक शोधलं आणि ताटापाशी उभी राहून मोठ्याने वाचलं. सगळं वाचलं. खालची मागण्यांची यादीसुद्धा. माझा आवाज चांगला आहे, सभांमध्ये मला माईक लागत नाही. शेवटी मी म्हणाले, "हे लिहिणारा माणूस उद्या त्याच दवाखान्याची शिक्क्याची चिठ्ठी घेऊन ऑटोत बसणार का? ज्याला परवडत नाही, जो बसू शकत नाही त्यानं काय करायचं मग?"

अप्पांनी भात कालवला, पण खाल्ला नाही.

"बरं लिहिलं होतं मी," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तिची गोष्ट बरोबर आहे."

"तिची गोष्ट बरोबर असेल," आई म्हणाली, "तुमचं हृदय बरोबर नाही. बापलेकीनं मिळून काय चालवलंय हे?"

"मागू आपण. इथेच मागू."

चिठ्ठी आईने देवघराखालच्या खणात ठेवली. मी अर्जाचा कच्चा मसुदा काढायला बसले. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. अप्पा थकले होते, आणि मला वाटलं, मी त्यांना पुन्हा त्यांच्यासारखं केलं.

पुढचे पंधरा दिवस आम्ही चांगलं काम केलं. अर्ज दिला, त्याची पोच घेतली. पत्रक मी लिहिलं, अप्पांनी माझी दोन विशेषणं काढली. हृदयाची तपासणी इथेच झाली पाहिजे, असा मथळा. गेटवर अप्पांना उभं राहवत नव्हतं, म्हणून चहावाल्याकडून प्लास्टिकचं स्टूल घेतलं. ते स्टुलावर बसून वाटायचे आणि मी पळत पळत रांगेपर्यंत जायचे. तिसऱ्या दिवशी बुरखा घातलेल्या एका बाईने कागद घेतला. तिचा नवरा आत भरती होता.

"क्या लिखे इसमें, बीबी?"

मी सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग अप्पांकडे पाहिलं. ते तोंडाने श्वास घेत होते.

"अब्बा का करा लिए टेस्ट?"

"नहीं. इधरीच कराएँगे. इसी वास्ते लड़ रहे."

"हौ," ती म्हणाली. "लड़ना तुम लड़ो ना. इनको कायकू बिठाए?"

मी तिला उत्तर दिलं. सामूहिक मागणी, पेशंटचा हक्क, असं काहीतरी. माझं उत्तर संपेपर्यंत ती गेली होती.

अधीक्षकांनी आम्हाला आत बोलावलं. माझी भांडायची तयारी होती, पण ते गृहस्थ भांडले नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि अप्पांना पंख्याखालची खुर्ची दिली.

"मशीन है, मास्टरसाब. दिमाग का कर लेते, कमर का कर लेते. दिल हिलता ना. हिलते दिल का फोटो लेने को अलग सामान होना, पढ़ने वाला डॉक्टर होना. मँगाए हैं. दो महीने में हो जाता."

"लिखकर दीजिए," मी म्हणाले.

त्यांनी लिहून दिलं. सहीखाली तारीख टाकली. बाहेर येऊन अप्पांनी तो कागद दोनदा वाचला. इतक्या वर्षांत त्यांना एकाही अर्जाचं लेखी उत्तर आलं नव्हतं. आम्ही कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात बसलो आणि अप्पांनी डॉक्टरांनी मना केलेलं उस्मानिया बिस्किट खाल्लं. जिंकल्यासारखं वाटलं, त्यात लपवायचं काही नाही.

मग आम्ही दोन महिने थांबलो.

पहिल्या महिन्यात अप्पांना झोपताना दोन उशा लागायच्या, मग तीन. मग ते पलंगाच्या कडेला पाय सोडून, पुढे टीपॉयवर डोकं टेकून झोपायला लागले. संध्याकाळी आई त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून बघायची. खड्डा पडायचा आणि बराच वेळ भरायचा नाही. दवाखान्यात अंगातलं पाणी उतरवायची गोळी वाढवून द्यायचे. आई दर वेळी खणातली ती चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवायची आणि मी दर वेळी अधीक्षकांचा कागद तिच्यासमोर ठेवायचे.

"लेखी दिलंय, आई."

"त्यांनी कागदाला दिलंय," ती म्हणाली. "कागदाला दम लागत नाही."

अप्पा आमच्या मध्ये पडायचे नाहीत. एकदा फक्त म्हणाले, अजून तीन आठवडे राहिलेत, आता सोडलं तर सगळंच वाया जाईल. मला तेव्हा हे अगदी पटलं होतं.

पाडव्याच्या सकाळी आईने गुढीबरोबर उगादीची आंबटगोड पच्चडीही केली होती, आमच्याकडे दोन्ही सण व्हायचे. अप्पा आंघोळीच्या पाटावर बसले होते. आतून तांब्या पडल्याचा आवाज आला. मी दार ढकललं. ते बसलेलेच होते, ओठ जांभळे, आणि छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज. शेजारच्यांनी आणि मी त्यांना खुर्चीत घालून जिना उतरवला. त्यांचा टॉवेल ओला होता आणि त्यांना त्याची लाज वाटत होती, बोलता येत नव्हतं तरी ते हाताने तो सारखा करत होते.

सरकारी दवाखान्याने त्यांना वाचवलं. हे मी सांगितलंच पाहिजे. त्यांच्याकडे जे होतं ते सगळं त्यांनी केलं. फुप्फुसात पाणी भरलं होतं आणि पुन्हा एक अटॅक येऊन गेला होता, या वेळीही न दुखता. चौथ्या दिवशी ते तरुण डॉक्टर फेरीला आले. फाइल उलटीपालटी केली.

"एमआरआय का क्या हुआ?"

मी सांगितलं. अर्ज, उत्तर, दोन महिने. ऐकताना ते चिडले नाहीत, पण त्यांनी फाइल बंद केली.

"यहाँ होता करके कौन बोला तुमको?"

"चिठ्ठीवर शिक्का होता," मी म्हणाले.

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते मला वॉर्डच्या बाहेर घेऊन गेले आणि खिशातून पॅड काढून माझ्यासमोर धरलं. प्रत्येक पानावर तोच निळा शिक्का.

"ते लोक हे पॅड टाकून जातात," ते म्हणाले. "आमच्याकडे कागद संपलेला असतो. मी यावर रक्ताच्या गोळ्याही लिहितो, डाएटही लिहितो. त्या केंद्रात पाठवलं, कारण हृदयाचा एमआरआय नीट वाचणारी डॉक्टर या भागात तिथे एकच आहे. तुम्ही मला का विचारलं नाही?"

आम्ही त्यांना विचारलं नव्हतं. छापखान्यात गेलो, अधीक्षकांकडे गेलो, गेटवर कित्येक दिवस उभे राहिलो. ते डॉक्टर रोज त्याच गेटने आत जायचे. पत्रकही त्यांनी घेतलं असेल. ते पॅड फुकट वाटतात ते काही दानधर्म म्हणून नाही, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. पण मी ज्या माणसावर संशय घेतला, त्याने अप्पांना फक्त योग्य जागी पाठवलं होतं.

अप्पांना थोडं आडवं होता यायला लागलं तेव्हा आम्ही त्या केंद्रात गेलो. फॉर्मवर सही आईने केली. कुणाला विचारलं नाही. आधी किडनीचं रक्त तपासलं, कारण शिरेतून एक औषध द्यायचं असतं. मग अप्पांची कवळी काढून घेतली, घड्याळ काढलं, छातीवर तारा लावल्या.

मला काचेच्या अलीकडे स्टुलावर बसू दिलं, त्याला कारण होतं. हृदयाचा फोटो घेताना पेशंटला श्वास सोडून थांबावं लागतं, नाहीतर फोटो हलतो. हे सांगायला हेडफोनमध्ये ध्वनिमुद्रित आवाज असतो, तेलुगू, हिंदी किंवा इंग्रजी. अप्पांना तिन्ही भाषा येतात. पण त्या दिवशी त्यांच्या कानात मशीनचा ठोकण्याचा आवाज, अंगात पाच दिवसांचा थकवा, आणि ते भलत्याच वेळी श्वास घेत होते. तंत्रज्ञ बाई तीनदा प्रयत्न करून थांबली.

"मास्टारू ऐकेनात," ती तिच्या हिंदीत म्हणाली. "घरचं कोणी बोललं की ऐकतात. तुम्ही बोलता का?"

तिने माईक माझ्याकडे सरकवला.

"अप्पा, मी आहे," मी म्हणाले. "श्वास घ्या. सोडा. आता थांबा."

पडद्यावर राखाडी रंगाचं काहीतरी आवळलं, सैल झालं. तिला बारा सेकंद हवे होते. अप्पा सहा सेकंदांवर सुटले.

"परत. श्वास घ्या. सोडा. थांबा. थांबा, अप्पा. अजून थोडं."

आठ सेकंद. असं चाळीस मिनिटं चाललं. मध्ये औषध दिलं आणि ते स्नायूत जिरायला दहा मिनिटं सोडली. मग पुन्हा. तिने सेकंद कमी केले, फोटो तुकड्यातुकड्यांनी घेतले. मी सांगत होते आणि ते ऐकत होते. ते माझं नेहमीच ऐकत आले आहेत.

फोटो वाचणारी डॉक्टर मधल्या वयाची होती, नाकावर चष्मा. अप्पांनी मला सगळं दाखवायला सांगितलं होतं, म्हणून तिने मला जवळ बोलावलं. पडद्यावर एक कडं होतं, बांगडीसारखं.

"हे हृदय आडवं कापल्यासारखं पाहायचं," ती म्हणाली. "काळं दिसतं ते जिवंत. पांढरं ते मेलेलं. औषध वणात अडकून राहतं, म्हणून तो चमकतो."

बांगडीचा एक मोठा तुकडा पांढरा होता.

मेलेपण आतल्या अंगाने सुरू होतं आणि बाहेर सरकत येतं, असं तिने सांगितलं. भिंतीच्या जाडीत पांढरं निम्म्याहून कमी असेल तर रक्त पोचवून ती भिंत हलण्याची आशा असते. निम्म्याच्या वर गेलं की आशा कमी कमी होत जाते. तिने माउसने रेघ ओढून मोजलं. पुढच्या भिंतीत पांढरं तीन चतुर्थांश. टोकाला सगळंच. बाजूची भिंत काळी होती, आतून एक बारीक पांढरी कड धरलेली.

"दोन महिन्यांपूर्वी हे कसं दिसलं असतं?" मी विचारलं.

"फोटोवरून तारीख कळत नाही."

"अंदाज?"

तिने चष्मा काढला. मी गप्प बसले नाही, म्हणून असेल, तिने दुसऱ्या प्रकारचा एक फोटो उघडला. "हा भाग पातळ झालाय, तो जुनाच वण. इथे काही करता आलं नसतं. आणि हा..." तिने कड्यावर बोट ठेवलं, पुढच्या भिंतीच्या एका पट्ट्यावर. "इथे सूज आहे. सूज म्हणजे हे ताजं. गेल्या काही दिवसांतलं."

"म्हणजे हा तुकडा जानेवारीत जिवंत होता."

"बहुतेक," ती म्हणाली. "त्यानं सगळं बदललं असतं का, ते मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही."

तो पट्टा माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले. शेवटी मला उठवायचं म्हणून तिनेच पडद्यावरचा फोटो बदलला.

बायपास करायचा नाही, असं ठरलं. मिळवण्यासारखं कमी आणि धोका जास्त. गोळ्या चालू ठेवायच्या. तरुण डॉक्टरांनी मला समजवायचा प्रयत्नही केला. स्नायू जिवंत निघाला तरी बायपासने किती फरक पडतो, यावर डॉक्टरांमध्येच वाद आहेत, म्हणाले. वेळेत केलं असतं आणि तरी काही झालं नसतं, असंही असू शकतं. ते चांगले गृहस्थ आहेत. मी त्यांचं ऐकून घेतलं. पण तो वाद ज्यांनी तपासणी केली त्यांच्यासाठी आहे. आम्ही अप्पांना त्या वादापर्यंतही पोचू दिलं नाही.

घरी आल्यावर आईने रिपोर्ट मराठीत वाचायला सांगितला. त्यात हृदयाच्या भिंतीचे सतरा भाग पाडून प्रत्येकासमोर किती टक्के मेलेलं ते लिहिलं होतं. मी एकेक वाचला. आई भेंडी चिरत होती. सतरा होईपर्यंत तिने चिरणं थांबवलं नाही.

"त्यातलं नवं कुठलं?" तिने विचारलं.

"आठवा. थोडा सातवा."

"बरं." मग म्हणाली, "तू त्या रात्री म्हणाली होतीस, जो बसू शकत नाही त्यानं काय करायचं. मला आजपर्यंत उत्तर सुचलं नव्हतं. पण हे बसू शकत होते, बाई."

मी अप्पांकडे गेले. ते पलंगाला टेकून बसले होते. हातात वर्तमानपत्र होतं, वाचत नव्हते.

"मी ते पत्रक वाचून दाखवलं नसतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी गेला असता," मी म्हणाले.

"गेलो असतो."

ते माझं ओझं हलकं करतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी तसं केलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

"पण तू सगळं तुझ्याकडे ओढू नकोस," ते म्हणाले. श्वास घेतला. "लिहिलं मी होतं. लोकांना सांगितलं, तिथेच उभे राहा. आजारी माणसाला सांगितलं. त्याला आत पाठवायला पाहिजे होतं आणि उभं आपण राहायला पाहिजे होतं. वाक्य चुकलं माझं. तेव्हा रक्ताची तपासणी होती, एक दिवस उशीर झाला तर चाललं. म्हणून कळलं नाही."

"तेव्हाही कुणाचं तरी चाललं नसेल, अप्पा."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली.

"हो," ते म्हणाले. "नसेल."

आता अप्पा पलंगापासून न्हाणीपर्यंत जातात, मध्ये खुर्ची ठेवलेली आहे, तिथे एकदा बसतात. जिना उतरायचा फक्त दवाखान्यात जायला. दवाखान्यातलं सामान आलंय म्हणतात, वाचणारा डॉक्टर अजून आलेला नाही. मी आठवड्यातून दोनदा गेटवर उभी राहते. कुणाच्या हातात एमआरआयची चिठ्ठी दिसली की आधी विचारते, हृदयाचा आहे का. असला तर रस्ता सांगते, आजच जा म्हणते, ऑटो करून देते. आणि सोबत कोणी धडधाकट माणूस असेल तर त्याला थांबवून अर्जावर सही मागते.

परवा एकजण थांबला. माझ्याच वयाचा, बापाला घेऊन आलेला. मी केंद्राचा पत्ता सांगितला तसा त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमको कितना मिलता एक पेशंट का?" त्याने विचारलं.

मी त्याला काही समजवायला गेले नाही. म्हटलं, पहले अब्बा का करा लेओ, बाद में आके गाली देओ. मैं इधरीच रहती. तो गेला. करून घेतलं की नाही, कळलं नाही.

घरी येऊन मी हे सांगितलं. अप्पा हसायला लागले. अगदी मोकळं, शाळेतल्यासारखं. मग हसणं अर्ध्यात टाकून ते पुढे वाकले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले आणि श्वास शोधायला लागले. आईने पाठीवर हात ठेवला आणि मला नजरेनेच सांगितलं, की पुरे.